वाद उद्भवलेला नाही

पुण्यात राहून आयुष्यात एकदाही कोणाला सल्ला न दिलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या बहिणीचा नवरा निघाला. या शहरात पत्ता विचारला तरी माणूस आधी तिथे का जाऊ नये ते सांगतो. भावोजी मात्र पत्ताही सांगत नसत. वीजग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या एका मंडळाच्या कार्यालयात ते आलेले अर्ज तपासत. ग्राहकाचं आणि वीज कंपनीचं खरोखर भांडण असेल तर अर्ज आत जायचा. ‘मी असं केलं तर चालेल का’ असं विचारलेलं असेल तर परत. परतीच्या अर्जावरचा शेरा त्यांनी स्वतः तयार केला होता: ‘वाद उद्भवलेला नाही. सबब अर्ज परत.’ मंडळ निवाडा देतं, मत देत नाही, असं ते सांगत. “निवाड्याने दोन्ही बाजू बांधल्या जातात. मताने कोणीच बांधलं जात नाही, देणारासुद्धा नाही. मग द्यायचं कशाला?” हा फरक त्यांनी कार्यालयात ठेवून घरी यायला हवं होतं. तो ते डब्याबरोबर रोज घरी आणत.

ताईने सकाळी “पडवळ करू की दोडका?” असं विचारलं की पेपर खाली न करता ते म्हणत, “प्रतिवादी कोण?” मुलाने दोडक्यासाठी हट्ट धरला आणि मुलीने नाक मुरडलं, की अर्ध्या मिनिटात निकाल यायचा: “पडवळ. कारणं स्वतंत्रपणे.” त्यामुळे त्या घरातली मुलं मुळात शांत असूनही कायम भांडत राहिली, त्याशिवाय वडिलांकडून काही कळायचंच नाही. पंख्याचा वेग ठरवण्याचा हक्क पंख्याच्या थेट खाली बसलेल्या व्यक्तीचा, हा त्यांचा निवाडा कर्वेनगरच्या त्या फ्लॅटमध्ये आजही पाळला जातो. रिक्षावाल्याने “लक्ष्मी रोडने घेऊ की टिळक रोडने?” असं विचारलं, तर ते “आपल्यात मतभेद झाला आहे का?” असं उलट विचारत आणि रिक्षा उभी राही. मला आमच्या वर्तमानपत्राच्या नागपूर आवृत्तीत बोलावणं येण्याची शक्यता होती तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो होतो. “पत्र हातात आहे?” त्यांनी विचारलं. नव्हतं. “मग चहा घे.”

ताई मुलींच्या एका शाळेत पेटी शिकवायची. निवृत्त झाली त्या वर्षीच्या भाऊबिजेला मी ओवाळून घेऊन जेवायला बसलो होतो, तेव्हा तिने विषय काढला. तिला घरातल्या बाहेरच्या खोलीत पेटीचे वर्ग काढायचे होते. शेजारच्या इमारतीत शिवणाच्या क्लासवरून कोणीतरी तक्रार केली होती, घरगुती मीटरवर धंदा चालतो म्हणून वीज तोडली होती, आणि त्या बाई पुन्हा मशीनवर बसल्या नव्हत्या. “अहो, पेटीचा क्लास घरगुतीत बसतो का?” ताईने विचारलं. सबंध पुण्यात याचं उत्तर ज्याला नक्की ठाऊक, तो माणूस तिच्यासमोर श्रीखंड खात होता.

“क्लास सुरू झालाय?”

“वीज तुटेल की काय या भीतीने तर थांबलेय.”

“कोणी हरकत घेतली?”

“वीज तुटेपर्यंत थांबू का मी?”

“तसं नाही. तुटायलाच हवी असं कायदा म्हणत नाही. तोडायला लावीन म्हणणारा एक माणूस समोर हवा. मग तुझा हक्क आहे की नाही ते आधीच जाहीर करता येतं.”

ताईने मान डोलावली आणि मला आणखी श्रीखंड वाढलं. ती मान कशासाठी डोलली ते पुढच्या रविवारी कळलं. सोसायटीचे सेक्रेटरी एक पत्र घेऊन हजर झाले. हे गृहस्थ गच्चीत वाळणाऱ्या पापडांवरही हरकत घेत, त्यामुळे निवड चुकीची नव्हती. वर्ग सुरू झाल्यास आपण वीज कंपनीकडे तक्रार करू, असं पत्रात होतं. भावोजींनी जेवणाच्या टेबलावर सुनावणी घेतली. दोन्ही पक्षांना समान वागणूक म्हणून चहा कोणालाच दिला नाही. मी साक्षीदार.

“आपल्याला पेटीचा त्रास होतो?”

“होईल.”

“आजवर झाला?”

“आजवर ऐकली की बरं वाटायचं,” सेक्रेटरी म्हणाले, आणि लगेच खाली बघू लागले.

“आपली नात किती वर्षांची?”

“नऊ.”

“तिचं नाव घातलंत?”

सेक्रेटरींनी ताईकडे पाहिलं. “पहिल्या बॅचमध्ये,” ते म्हणाले.

संगनमताच्या कारणावरून प्रकरण निकाली निघालं. खरी हरकत नसताना ती घेतल्याबद्दल सेक्रेटरींना समज देण्यात आली. त्यांना ती आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती.

मग भावोजींनीच वीज कंपनीला पत्र लिहिलं: माझी पत्नी वर्ग सुरू करू इच्छिते, आपली हरकत असल्यास कळवावे. महिन्याने उत्तर आलं. वर्ग सुरू झालेले नाहीत. वाद उद्भवलेला नाही. सबब अर्ज परत. भावोजींनी ते दोनदा वाचलं आणि माझ्यापुढे धरलं. “मसुदा माझा आहे,” ते म्हणाले. कंपनीने तो कधी उचलला कोणास ठाऊक. त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. ताईने पेटीचा भाता बंद केला, वर कापड घातलं आणि आत गेली. समाधान तिथेच संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, ताईने मला नंतर सांगितलं त्याप्रमाणे, भावोजी आंघोळ करून सतरंजीवर वही घेऊन बसले होते. “शिकव,” ते म्हणाले.

“तुम्हाला?”

“विद्यार्थी आल्याशिवाय वर्ग होत नाही. वर्ग झाल्याशिवाय वाद होत नाही.”

दारावर पाटी लागली: ‘पेटीचे वर्ग. हरकत असल्यास लेखी द्यावी. तोंडी ऐकून घेतली जाणार नाही.’ आठवड्याने सेक्रेटरींची नात आली, मग आणखी मुली आल्या. भावोजी नोटिशीची वाट पाहत राहिले. मीटर वाचणारा जिन्यात दिसला की ते पेटी मुद्दाम जोरात वाजवत. त्याने एकदा दारातून डोकावून विचारलं, “काका, संध्याकाळची बॅच आहे का? मिसेसला शिकायचंय.” भावोजी दिवसभर खिन्न होते. नोटीस आली नाही. पाच वर्षांत ते तिसऱ्या अलंकारापुढे गेले नाहीत. नऊ वर्षांच्या मुली त्यांना बोटं कुठे ठेवायची ते सांगत, आणि तो सल्ला ते निमूटपणे मानत.

गेल्या वर्षी भावोजी गेले. कागदपत्रं लावताना एक बंद पाकीट मिळालं. त्यावर त्यांचं अक्षर: ‘विषय: सौ.चे पेटीचे वर्ग. नोटीस आल्यासच उघडावे.’ खाली तारीख. मी बातमीदार, तारीख जुन्या कॅलेंडरशी ताडून पाहिली. ती त्या भाऊबिजेची होती. म्हणजे आम्ही हात धुऊन बाहेर येऊन बसलो आणि ते ‘जरा पडतो’ म्हणून आत गेले, तेव्हा ते पडले नव्हते.

“उघडू या,” मी म्हणालो. बंद पाकिटं मला सोसत नाहीत.

ताईने ते माझ्या हातातून घेतलं. “नोटीस आलीय का?”

“नाही.”

“मग?” तिने पाकीट पेटीच्या कापडाखाली सरकवलं. एक मुलगी वेळेआधीच येऊन सतरंजी पसरत होती.

तेव्हापासून ताईकडून निघताना मी खाली तिच्या टपालाच्या पेटीत डोकावतो. अजून काही आलेलं नाही.