मास्तरांनी झाकलेला बोध

अक्षराच्या कडेला ओला कापूस टेकवला आणि कापूस निळा झाला. मी झटकन हात मागे घेतला. बोंबला! शाई पाण्यानं पसरत होती आणि संग्रहालयाच्या साहेबांचा निरोप होता, "चिठ्ठ्या ओल्या करा, काढून टाका. लोकांना ओरिजिनल छपाई बघायचीय. गुरुवारी पॅकिंग."

मी शहापुरात घरीच जुनी पुस्तकं दुरुस्त करते. हे पुस्तक म्हसा गावाजवळच्या ताराआजी आमच्या संग्रहालयाला देणार होत्या. एकोणिसाव्या शतकातलं, मिशनचं. प्राण्यांच्या गोष्टी, प्रत्येकीला सुरेख चित्र आणि खाली ख्रिस्ती बोध. आजींचे आजोबा गावच्या शाळेत मास्तर. त्यांना गोष्टी आवडल्या, चित्रं आवडली, बोध तेवढा पटला नाही. मग त्यांनी प्रत्येक बोधावर तांदळाच्या खळीनं चिठ्ठी चिकटवली, वर स्वतःचा बोध लिहिला आणि वर्गात तोच शिकवला!

आजींची अट एकच. "बाय, माझ्या आज्याचा फोटू नाय. त्याचं अक्षर तेवढं हाय. ते पुसलंस तं पुस्तक मी परत नेन."

मी साहेबांना फोन केला. "शाई पसरतेय."

"मग खरवडून काढा."

"आजोबांचं अक्षर जाईल."

"ते कोण बघतंय, मॅडम?"

मला असा राग आला! फोन ठेवला आणि डबा काढला. तळाशी ओला स्पंज, त्यावर जाळी, जाळीवर शिवण उसवलेल्या पुस्तकाचं एक सुटं पान. झाकण बंद. पाणी लावायचं नाही, नुसती दमट हवा द्यायची. तिसऱ्या तासाला खळ मऊ पडली, कोपरा सुटला. हाडाची पातळ पट्टी आत सरकवली. चिठ्ठी अख्खी हातात आली, शाई जागच्या जागी! घरात एकटीच होते, तरी ओरडले.

आणि खाली? पुस्तकाला कसर लागली होती, म्हणजे कागद खाणारे चंदेरी किडे. पानांच्या कडांची चाळण झालेली. पण चिठ्ठीखालचा बोध अक्षर न् अक्षर शाबूत! खळीला हिरवट झाक होती. मास्तरांनी ती मोरचूद घालून शिजवली होती, किडा लागू नये म्हणून. जे झाकायला निघाले, तेच त्यांनी जपलं होतं.

मी प्रत्येक चिठ्ठी एकाच कडेनं परत जोडली, दारासारखी उघडेल अशी. बुधवारी पुस्तक संग्रहालयात नेलं. साहेबांनी एक उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "दोन्ही ठेवा," म्हणाले.

मग आजी तिथं आल्या. चित्रात उंदीर धान्याच्या कणगीला भोक पाडत होता. मी खालचा बोध वाचला, "पाप लहान भोकातून अंतःकरणात शिरते. ख्रिस्ताला शरण जा." मग चिठ्ठी मिटून मास्तरांचा, "कणगी दर साल शेणानं लिंपावी. आज घरी जाऊन भोक बघून या."

आजी डोळे पुसत हसल्या. "आज्यानं झाकलं म्हणून त्यांचं वाचलं नं गो? मंग आजा वरतीच ऱ्हावंदे."

तेव्हापासून चिकटवलेलं काहीही काढण्याआधी ते कोणी आणि कशानं चिकटवलं, हे मी बघते. आणि त्या संध्याकाळी घरी आल्यावर पुस्तकांच्या कपाटाची मागची फळी तपासली. भोक होतं.