वडील आल्याशिवाय वर्गात बसायचं नाही

मी ज्या शाळेत शिकवते तिथं पोरांची मारामारी झाली की शिक्षकांच्या खोलीत एकच तोडगा निघतो, पालकांना बोलवा. छडी गेली, उठाबशा गेल्या, मग उरलं काय, असं सगळे म्हणतात. माझं डोकं तापतं. मी काहीतरी फटकन बोलून बसते आणि सहकारी म्हणतात, बाईंना एकदम काय झालं? काय झालं ते मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

मी नववीत होते. शाळा लोहाऱ्याला, आणि आमचं गाव उमरग्याच्या बाजूला, एसटीनं पाऊण तासावर. सकाळी एक गाडी, संध्याकाळी पाचला एक. ती चुकली की संपलं. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून दप्तर आत टाकायचं, ज्याचं दप्तर त्याची सीट. हा कायदा म्हातारी माणसंसुद्धा पाळायची. त्या दिवशी मी दप्तर टाकलं, रेटारेटीत वर चढले, तर सीटवर माझ्याच वर्गातली एक मुलगी बसलेली आणि माझं दप्तर लोकांच्या पायाखाली. तिचं गाव आमच्या पुढं, अगदी कर्नाटकाच्या शिवेला. घरी ती कानडी बोलायची. "आपोआप पडलं ते," ती म्हणाली. ऐकून घेणाऱ्यातली मी तेव्हाही नव्हते. हातात स्टीलचा डबा होता, तो मी हाणला. चुकून लागला असं मी आजही म्हणणार नाही. भुवईच्या वर चार टाके पडले.

मोठ्या सरांनी दोघींना एकच शिक्षा दिली. वडील आल्याशिवाय वर्गात बसायचं नाही. आई चालणार नाही, चुलता चालणार नाही. त्याच आठवड्यात दहावीची दोन पोरं मैदानात एकमेकांच्या शर्टाच्या चिंध्या करून बसली होती. त्यांचे वडील मोटारसायकलवर आले, ऑफिसात चहा प्याले, एकानं सरांच्या देखत पोराच्या थोबाडीत मारली आणि दहा मिनिटांत पोरं वर्गात. नियम सगळ्यांना सारखा, असं सर म्हणायचे, आणि त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं.

माझं तसं नव्हतं. गावातली सातवीपर्यंतची शाळा संपली तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका अटीवर मला लोहाऱ्याला पाठवलं होतं. "एक तक्रार आली की त्या दिवशी शाळा बंद." अण्णा ओरडत नसत, मारत नसत. एकदा बोलले की बोलले, बस्स.

म्हणून मी घरी सांगितलंच नाही. सकाळी वेणी घालून, डबा घेऊन निघायचं आणि दिवसभर वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभं राहायचं. आत जाता येत नव्हतं. घरी जायला पाचपर्यंत गाडी नव्हती, आणि असती तरी लवकर का आलीस याला काय उत्तर देणार? खिडकीतून फळ्याचा अर्धाच भाग दिसायचा. तेवढीच अर्धी गणितं मी उभ्यानं उतरवून घेत होते. सरांनी हातावर वळ उठेपर्यंत मारावं आणि आत घ्यावं, असं मला इतकं वाटायचं की रडू यायचं.

तिसऱ्या दिवशी तीही आली, कपाळाला पट्टी लावून. तिचे वडील ट्रकवर ड्रायव्हर. ते हैदराबादकडं गेलेले, त्यामुळं तिलाही माझ्याशेजारच्या खांबाला टेकून उभं राहणं आलं. दुपारपर्यंत आम्ही एकमेकींकडं पाहिलं नाही. मग तिनंच विचारलं, "तुझे वडील लई मारतेत का?"

"मारत न्हाईत. शाळा बंद करतेत."

"माझे आप्पा तसलं काय करत न्हाईत," ती म्हणाली. "दोन दिवसांत येतेत. मी सांगते की माझीच चूक हाय म्हून. मंग तुला काय बोलणार?"

मी नको म्हणाले नाही. थँक्यूसुद्धा म्हणाले नाही.

पाचव्या दिवशी सरांनी स्वतःच अण्णांना फोन लावला. अण्णा आले. तिचे आप्पाही त्याच दिवशी आले, रात्रभर गाडी चालवून, डोळे लाल झालेले. ऑफिसात आम्हा दोघींना भिंतीला उभं केलं. सरांनी काय घडलं ते विचारलं तशी ती लगेच म्हणाली, "माझीच चूक हाय, सर. मीच तिचं दप्तर खाली टाकलं, शिव्या बी मीच दिल्या." एकही शिवी दिलेली नव्हती. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

सर अण्णांना म्हणाले, "पोरगी हुशार आहे तुमची. वर्गात पहिल्या तिघींत आहे." अण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "बसू द्या मंग हिला," ते म्हणाले. "पुन्यांदा असं व्हायचं न्हाय."

तिचे आप्पा पुढं झाले. त्यांनी तिला जवळ घेतलं, पट्टी हळूच वर करून टाके पाहिले आणि कानडीत काहीतरी विचारलं. तिनं मान हलवली. ते इतक्या हळू बोलत होते की रागावलेत असं वाटतच नव्हतं. मग ते म्हणाले, "साकु." कानडी येत नसलं तरी पुरे या अर्थाचा तो शब्द आमच्या भागात सगळ्यांना कळतो. सरांकडं वळून ते मराठीत म्हणाले, "तोंडावर खूण झाली, सर. उद्या हिला बघायला लोक येतील तर काय सांगू? आन् चूक बी हिचीच. दाखला द्या हिचा." सरांनी समजावून पाहिलं. दोन वाक्यं समजावलं, मग शिपायाला रजिस्टर आणायला सांगितलं.

ती आपल्या आप्पांकडं बघतच राहिली. तिला अजून काही कळलेलं नव्हतं. ती रडलीसुद्धा नाही. चूक माझी आहे, डबा मी मारला, एवढी दोन वाक्यं मला तिथं बोलायची होती. अण्णा शेजारीच उभे होते. मी ती बोलले नाही. मोठ्या सरांनी मला वर्गात जायला सांगितलं आणि मी गेले. पाच दिवसांत पहिल्यांदा पूर्ण फळा दिसत होता. मी वही उघडली, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं.