ताण

आई दुसऱ्यांच्या गोठ्यात शेण काढायची, त्यावर मी बी.एस्सी. झाले; पण एम.एस्सी.ला अर्ज करण्याइतके मार्क पडले नाहीत. पुन्हा पेपर द्यायचे म्हणून रोज एसटीनं बारामतीला क्लासला जायचे. शेजारी डाळिंबाच्या बागेत कामाला जाणारी एक मावशी बसायची, खिडकी मला सोडून.

"तोंड का वाळलंय, पोरी?"

"मार्कांचा लई ताण आलाय."

"मग बरंच हाय की! पाणी तोडून ताण दिल्याबगर डाळिंबाला कळी येत न्हाय."

मला हसू फुटलं. मग रोज उतरताना विचारायची, "दिसली का कळी?"

निकाल लागला तेव्हा ती गाडीला येईनाशी झाली होती. नावही विचारलं नव्हतं. तिच्या थांब्यावर मी अजून बाहेर बघते.

दिसली, मावशी. एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला.