सात नंबरची जागा

माझ्या नवऱ्याला, वीबेला, पाण्याबद्दल कुणी काही शिकवायला गेलं की मला त्या माणसाची कीव येते. अडतीस वर्षं वीबेने फ्रीसलँड या आमच्या सखल प्रांतातल्या एकाच कालव्याची दारं सांभाळली. होडी आली की मागचं दार लावायचं, पाणी चढवायचं, पुढचं दार उघडायचं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अजून वरच्या मजल्यावर कुणी नळ सोडला तर खालून ओरडतो, "जास्त सोडलायस!" आणि अशा माणसाची नात पाण्याला भिते.

निन्के सात वर्षांची. आमच्याकडे जिकडे बघावं तिकडे कालवा, म्हणून पोराला लवकरच पोहायला घालतात. त्याची परीक्षा असते. कपडे-बूट घालून उडी मारायची, पाण्याखाली टांगलेल्या कापडाच्या भोकातून पलीकडे निघायचं. निन्के दोनदा काठावर उभी राहिली आणि दोनदा रडत परत आली. दुसऱ्या खेपेला वीबे बघायला गेला होता. तो बाकावरून ओरडला, "अगं, पाणी काय खातंय का तुला?" सगळे आईबाप वळून बघायला लागले. आमची मुलगी हिस्के, निन्केची आई, त्यानंतर महिनाभर बापाशी बोलली नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी ती आली, ती उन्हाळ्याच्या सहलीचं ठरवायला. वीबेने टेबलावर नकाशे पसरले होते.

"टिरोल," तो म्हणाला. "डोंगर, दोन आठवडे, आपला मोठा तंबू. चौघं."

"एका अटीवर," हिस्के म्हणाली. "जागा पाण्यापासून लांब हवी. वर, झाडांखाली. निन्केला ओढ्याकाठी नेऊन तुझी शाळा भरवायची नाही, बाबा. नाहीतर आम्ही मायलेकी घरी बऱ्या."

"मी कुठे शाळा भरवतो?"

"जन्मल्यापासून बघतेय."

वीबेने तंबूतळाच्या नकाशावर एकतीस नंबरच्या जागेभोवती लाल गोल काढला. एकतीस म्हणजे चढावर, झाडांच्या रांगेत. मग तो नकाशा त्याने संडासात, वाढदिवसांच्या कॅलेंडरशेजारी टाचला. आमच्याकडे जे म्हणून लक्षात ठेवायचं, ते तिथेच लावतात. माणूस निवांत बसतो आणि वाचतो.

मीही वाचलं. फेब्रुवारीत एकदा बसल्या बसल्या बघते तर लाल गोल सात नंबरला! एकतीसवर पांढरा रंग फासलेला. सात नंबर अगदी ओढ्याला चिकटून, सपाट, हिरवागार. मी तशीच तणतणत स्वयंपाकघरात आले.

"हे काय केलंस?"

"जागा बदलली. सात चांगली आहे. सपाट आहे."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. हिस्केला काय कबूल केलंस?"

त्याने चष्मा काढून पुसला. "दोन आठवडे रात्रंदिवस पाण्याचा आवाज कानावर पडला की भीती जाईल पोरीची. जबरदस्ती नाही करणार. तिच्या आईला आत्ता सांगू नकोस. सांगितलंस तर ती येणारच नाही, आणि निन्के पाहुणी होऊन राहील आपल्याला."

हे शेवटचं त्याने मला नेमकं दुखतं तिथे मारलं. नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून हिस्के आमच्याकडे मोजून मापून यायची. नातीसोबत सलग दोन आठवडे मिळणार होते. मी मूग गिळून बसले. नुसती बसले असते तरी बरं होतं. हिस्के येणार असली की मी जाऊन नकाशा काढून ठेवायचे आणि ती गेली की परत लावायचे.

"आई, नकाशा कुठे गेला?" तिने एकदा विचारलं.

"ओला झाला गं," मी म्हणाले.

मार्चमध्ये त्या जागेच्या मालकिणीचं पत्र आलं. नोटबुर्गा नावाची शेतकरीण. तिने लिहिलं होतं, सात नंबर देते, पण वर डोंगरात ढग दिसले तर कुणी सांगायची वाट न बघता चढावर या. वीबे हसला. "दीड वीत खोल ओढा आहे, आणि मला पाणी शिकवतेय!"

एप्रिलमध्ये हिरवळीवर तंबू उभा करून बघितला. शेजारचा कुंपणावरून म्हणाला, "काय वीबे, बायकोने घराबाहेर काढलं वाटतं?" खुंट्या मोजल्या, याद्या केल्या, बटाट्यांचं पोतं भरलं, जणू टिरोलात बटाटे पिकतच नाहीत. प्रत्येक यादीत मला तो सात आकडाच दिसायचा. रोज ठरवायचे, आज हिस्केला फोन करते. ऑगस्ट उजाडला तरी फोन केला नव्हता.

तिथे पोचलो, तंबूची जागा बघितली आणि हिस्केचा चेहरा उतरला.

"एकतीस दुसऱ्याला गेली," वीबे म्हणाला. "सगळं भरलंय. सुट्ट्यांचे दिवस."

तिने माझ्याकडे बघितलं. मी पिशवीतून पावाची सुरी शोधायला लागले. दिवसभर गाडी चालवून ती थकली होती, तिने वाद घातला नाही. वर एकतीसवर गवत कुणी तुडवलेलंसुद्धा नव्हतं. माझी नजर सारखी तिकडे जायची.

दोन दिवस निन्के ओढ्यापासून वीस पावलं लांब राहिली. रात्री कान झाकून झोपली. वीबेने जबरदस्ती केली नाही, शब्दाचा पक्का राहिला तेवढ्यापुरता.

तिसऱ्या दिवशी दुपारी हिस्के गावात पाव आणायला गेली. आमच्यावर लख्ख ऊन होतं. मागच्या सुळक्यामागे मात्र काळं झालं होतं, गडगडत होतं. तेवढ्यात ओढ्याचा आवाज बसला. बघता बघता पाणी उतरलं, मधले दगड उघडे पडले.

"निन्के!" वीबेने हाक मारली. "ये बघ, पाणी दमलं! घोट्याएवढंसुद्धा नाही."

ती आली. एक पाऊल टाकून थांबली, मग दुसरं टाकलं. मग बूट काढले आणि पार मधल्या मोठ्या दगडावर जाऊन उभी राहिली, हात पसरून. "आजी, बघ मी कुठेय!" ती खदखदून हसत होती. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. मनात म्हटलं, जिंकला हा म्हातारा, हिस्केला हेच सांगायचं.

मग मला वाटलं म्हणून मी विचारलं, "वीबे, वर एवढा पाऊस दिसतोय. मग पाणी कमी कसं झालं?"

"वर कुणीतरी दार लावलं असेल," तो सहज म्हणाला.

आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. कुठलं दार? त्या डोंगरात दार लावणारा कोण बसलाय? झाडं, दगड, चिखल वर कुठेतरी अडकले होते आणि त्यांच्यामागे सगळं पाणी साठत होतं. हे त्याला कळलं तेव्हा तो पळत होता. दुखरा गुडघा घेऊन, चपलांसकट, दगडांवरून घसरत.

"इकडे ये! निन्के, इकडे!"

तिला वाटलं आजोबा खेळतायत. ती आणखी पलीकडे पळाली.

ओल्या मातीचा भपकारा आला. पायाखालची जमीन थरथरायला लागली. वीबेने तिला दंडाला धरून ओढलं, पोत्यासारखं खांद्यावर टाकलं आणि चढावर माझ्या अंगावर अक्षरशः फेकलं. "वर! थांबू नकोस!" मी तिला घेऊन पळाले. मागे वळले तेव्हा तो चार पायांवर गवताला धरून चढत होता आणि खाली आमचा तंबू नव्हता. तपकिरी पाण्यातून ओंडके आपटत चालले होते.

संध्याकाळी आम्ही नोटबुर्गाच्या गोठ्याशेजारच्या खोलीत बसलो होतो. निन्केच्या दंडावर वीबेच्या बोटांचे वळ उठले होते. हिस्के तिला मांडीवर घेऊन गच्च धरून होती. नोटबुर्गा गरम दूध घेऊन आली आणि सरळ वीबेला म्हणाली, "मार्चमध्ये पत्र लिहिलं होतं ना मी? एकतीस रिकामी पडलीय अजून. तुम्हीच सोडलीत."

हिस्केने मान वर केली. "कधी सोडलीस?"

"फेब्रुवारीत," वीबे म्हणाला. "माझं एकट्याचं काम. तुझ्या आईला यातलं काही माहीत नव्हतं."

लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत त्याने माझ्यासाठी खोटं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. घेतलं असतं ते पदरात तर आयुष्यभर घशात अडकलं असतं.

"माहीत होतं मला," मी म्हणाले. "नकाशा ओला झाला नव्हता, हिस्के. तू यायच्या आधी मी काढून ठेवत होते."

ती ओरडली असती तर मी सोसलं असतं. तिने फक्त निन्केला माझ्या बाजूच्या मांडीवरून उचलून दुसऱ्या मांडीवर घेतलं.

निन्केने दुधाचा पेला खाली ठेवला. "आजोबा, उद्या पाणी कमी झालं की परत जाऊया त्या दगडावर? आता मला अजिबात भीती नाही वाटत."

वर्षभर हेच ऐकायला आसुसला होता तो. गुडघ्यावर चिखल तसाच वाळला होता. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला, पण तिला हात लावायची हिंमत त्याला झाली नाही.

"भीती वाटू दे बाळा," तो म्हणाला. "तुझंच बरोबर होतं. माझं ऐकू नकोस."