पांढरीतले पेव

आमच्या गावात धान्याचे पेव काळ्या जमिनीत कोणी खणत नसे. काळी माती पाणी धरते, उन्हाळ्यात फाटते, आणि पहिल्याच पावसाचे पाणी त्या भेगांतून थेट धान्यापर्यंत जाते. पेवे गावठाणाच्या उंचवट्यावर, पांढऱ्या मातीत असत. त्या जागेला पांढरी म्हणत. वरून तिथे विशेष काही दिसत नसे; मातीने लिंपलेल्या शिळा आणि त्यांच्यावर बसलेल्या शेळ्या, एवढेच. प्रत्येक शिळेखाली दोन पुरुष खोल खड्डा होता, तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल एवढा अरुंद आणि खाली रांजणासारखा फुगत गेलेला. आमचे पेव पांढरीच्या पूर्व कडेला होते. दर्यापूर तिथून बैलगाडीने अर्ध्या दिवसावर.

त्या काळात समुद्रापलीकडे लढाई चालू होती आणि तिच्यामुळे वऱ्हाडच्या कापसाला पूर्वी कोणी न ऐकलेला भाव आला होता. ज्वारीची वावरे मोडून लोकांनी कापूस पेरला. आमच्या शेजाऱ्याने परसातली वांगी उपटून तिथेही सरकी टोचली. मी तेव्हा अमरावतीत एका कापूस दलालाच्या वखारीत पत्रे लिहिण्याच्या कामाला होतो. पुढे वीस वर्षे वृत्तपत्रात काढली. पाहिले तेवढेच लिहावे ही सवय तिथली. वखारीतल्या दिवसांत ती नव्हती, हे या हकिकतीत दिसेलच.

घरात खाणारी तोंडे सात: थोरला भाऊ, वहिनी, त्यांची तीन लेकरे, सालदार, आणि गावी आलो की मी. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. आमचा पन्नाशी उलटलेला होता आणि गावातली निम्मी पेवे त्याच्या हातची होती.

साठवणीचा आग्रह वहिनीचा. तिचे माहेर अकोल्याकडचे. ती सात वर्षांची असताना तिकडे लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले आणि तिचा धाकटा भाऊ अन्नावाचून गेला. हे तिने मला एकदाच सांगितले, ज्वारी पाखडताना, सूप न थांबवता. घरात दोन वर्षांचे खाणे असले पाहिजे, असा तिचा हिशेब होता. तुरीच्या डाळीला एरंडेल चोळून तिने मडकी भरली. हरभऱ्यात राख मिसळली. अंबाडीचा पाला वाळवला, सांडगे घातले, मिरच्या कडक उन्हात तीन दिवस ठेवल्या. पण ही सगळी तोंडी लावणी. पोट भरणार होते ज्वारीने, आणि ज्वारी वर्षानुवर्षे टिकते ती पेवात.

त्या वर्षी भावाने ज्वारीला एकच वावर ठेवले होते. आदल्या वर्षीची थोडी शिल्लक होती. दोन्ही मिळून पेव गळ्यापर्यंत भरले असते. भावाला ती विकायची होती, कारण ज्वारीलाही भाव चढला होता. पंधरा दिवस वाद झाला. शेवटी त्याने पेव भरायला होकार दिला, पण एका अटीवर: कडब्याला हात लावायचा नाही.

पेवाच्या तळाला आणि भिंतींना कडब्याचा, म्हणजे ज्वारीच्या वाळलेल्या ताटांचा, हातभर जाड थर द्यावा लागतो. भिंतीचा ओलावा तो अंगावर घेतो आणि धान्य कोरडे राहते. एका वावराचा कडबा तो किती? आणि कापसाच्या गाड्या अमरावतीला ओढणारे बैल त्याच्यावरच जगायचे होते.

"बैल काय पऱ्हाट्या खातीन?" भाऊ म्हणाला. पऱ्हाट्या म्हणजे कापसाची वाळकी झाडे. चुलीत घालण्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही.

"बैलायले कडबा पाहिजे," वहिनी म्हणाली, "मंग लेकरायले काय पाहिजे?"

भावाने तोड काढली. भिंतींना पऱ्हाट्या उभ्या लावायच्या आणि त्यांच्या फटीत कवडी कापूस दाबायचा, म्हणजे किडका, डागी, बाजारात न चालणारा. घरात तो पोतीच्या पोती पडून होता. सालदाराने मान हलवली.

"कापूस पानी पेते, मालक."

"पेवात पानी कुठून आलं?"

"जमिनीले घाम येते. माणसाले येते तसाच."

तेव्हा भावाने मला विचारले. मी त्याच आठवड्यात गावी आलो होतो. मी सांगितले की वखारीत आख्खा पावसाळा कापूस राहतो आणि त्याला काही होत नाही. हे खरे होते. वखारीची जमीन फरसबंदीची होती आणि गाठी लाकडी ओंडक्यांवर ठेवत, हेही खरे होते. ते मी सांगितले नाही, कारण माझ्या ते ध्यानातच आले नाही.

"घ्या," भाऊ म्हणाला. "अमरावतीचा मानूस सांगून राहिला."

"अमरावतीत पेव हाय का एखांदं?" सालदाराने विचारले.

पेव चैत्रात भरले. आधी आत पऱ्हाट्या पेटवून ते दोन दिवस भाजले. मग तीन दिवस सालदार आत उतरून थर लावत होता आणि वहिनी वरून टोपल्या सोडत होती. भाऊ त्या तीन दिवसांत गाड्या घेऊन अमरावतीला गेला होता. मी ओट्यावर बसून पत्रे लिहीत होतो. भाऊ परतला तेव्हा पेव भरले होते, शिळा बसली होती आणि वहिनी शेणमातीने कडा लिंपत होती.

अक्षय्य तृतीयेला सालदाराचे साल पालटते. त्या दिवशी हिशेब होतो आणि पुढच्या वर्षाची बोली ठरते. आदल्या दिवशी भावाने कडब्याची गंजी पाहिली. ती पुढून होती तशीच होती. मागच्या अंगाने मात्र अर्धी पोखरलेली. बोली गावच्या पारावर होत असे. तिथे चार लोकांसमोर भावाने सालदाराला विचारले, कडबा कुठे गेला.

"मले शिंगं हायेत का, मालक, कडबा खायाले?"

लोक हसले. भावाला ते हसणे लागले. तो म्हणाला, "शिंगं नाहीत, पन हात लांब हायेत. चोराले माह्या घरी साल नाही."

सालदाराने पागोटे काढले, झटकले, पुन्हा बांधले आणि निघून गेला. घरी वहिनी पुरण वाटत होती. भावाने पारावरची गोष्ट सांगितली तेव्हा तिने पाट्यावरून हात उचलला नाही. चारा चोरणाऱ्या गड्याला कोणी गोठ्यावर ठेवत नाही. आठवडाभर तो गावात काम मागत फिरला, मग अकोल्याला गेला असे कळले.

त्या पावसाळ्यात भावाने ज्वारीचे ते एक वावरही कापसाला दिले. पीक चांगले आले. भाव आणखी चढेल म्हणून त्याने कापूस विकला नाही. माघापासून भाव पडू लागला. उन्हाळ्यात लढाई संपल्याची बातमी आली आणि आमच्या दलालाने वखारीला कुलूप घातले. मी गावी आलो तेव्हा घरात कापूस आढ्यापर्यंत होता. लेकरे त्याच्यावरून घसरत होती. माजघरातल्या कणगीत बोटभर ज्वारी उरली होती. बाजारात ज्वारी कमी, कारण पेरलीच कमी लोकांनी होती. आणि ती घ्यायची तर आमचा कापूस घ्यायला गिऱ्हाईक नव्हते. नवी ज्वारी पौषात येणार. तोवरचे आठ महिने पेवावर काढायचे होते. दुसरे काही नव्हते.

वैशाखात एका सकाळी आम्ही शिळा हलवली. बंद पेवातली हवा माणसाला मारते, म्हणून तोंड एक दिवस उघडे ठेवतात आणि मग आत दिवा सोडून पाहतात. दुसऱ्या दिवशी वहिनीने टोपलीत पणती ठेवून दोरीने खाली सोडली. ती हातभर जाऊन विझली. तासाभराने पुन्हा सोडली, पुन्हा विझली. कडुनिंबाची डहाळी दोरीला बांधून खालीवर केली. तिसऱ्या दिवशी पणती टिकली.

वास मात्र गेला नव्हता. तोंडाशी दाबलेला कापूस काळा पडला होता आणि पिळला तर पाणी गळत होते. त्याच्याखाली ज्वारी नव्हती, ढेप होती. पहारीने फोडावी लागली. उपसण्याच्या पहिल्या दिवशी निघालेले सगळे उकिरड्यावर गेले. ते गुरांनी हुंगले आणि सोडून दिले. दुसऱ्या दिवशी पहार वरून पोचेना. कोणीतरी आत उतरणे भाग होते. नवा सालदार नाही म्हणाला. भाऊ अंगाने रुंद होता, तोंडातून मावत नव्हता. मी उतरलो.

छातीशी दोर बांधला होता. आत कापूस भिंतीवरून चिखलासारखा लोंबत होता. त्याला लागलेली ज्वारी काळी आणि मोडे फुटून वाळलेली होती, मधली पिवळट आणि आंबूस. मी टोपली भरायचो, भाऊ ओढायचा, वहिनी मूठ घेऊन तळव्यावर चोळायची आणि दाण्याला दात लावायची. प्रत्येक वेळी तिने टोपली उकिरड्याच्या बाजूला सरकवली. दुपारपर्यंत मी अर्ध्याच्या खाली आलो होतो.

वरून वहिनीचा आवाज आला. "भाऊजी, कडबा लागला का?"

मी भिंतीकडे पाहिले. माझ्या गुडघ्याशी काळा कापूस संपत होता. त्याच्याखाली कडब्याच्या पेंड्या होत्या, उभ्या, एकाला एक लावून बांधलेल्या. बाहेरून तपकिरी झाल्या होत्या, आतून पिवळ्या. त्यांच्या आत हात घातला तर ज्वारी बोटांतून सुटी वाहिली.

"लागला," मी म्हणालो.

"कोनता कडबा?" भावाने विचारले.

"तुमी ज्याच्यापायी म्हाताऱ्याले चोर म्हनलं, थो," वहिनी म्हणाली.

मी खाली उभा होतो आणि दोर सैल पडला होता. मग भाऊ म्हणाला, "मंग बोलली काहून नाही?"

"बोलली असती तं तुमी पेव उपसलं असतं. बैलायपुढं टाकला असता कडबा."

"अन थो? थो काहून नाही बोलला?"

"त्यानंच तं लावला. त्याले काय ठावं नव्हतं, बोललं तर काय होईन?" थोडे थांबून ती म्हणाली, "गंजी मागून उपसली मी. पुरला तितका लावला त्यानं. वरून भाऊजीची अमरावती लावली."

मी भरलेल्या पुढच्या टोपलीतली मूठ तिने चोळली, दात लावला आणि टोपली दुसऱ्या बाजूला सरकवली. संध्याकाळपर्यंत त्या बाजूला ढीग झाला. पेवाचा वास त्याला होताच. तो उन्हाने उडतो. सात तोंडांना पौषापर्यंत पुरेल की नाही, हे वहिनीने पायलीने मोजून पाहिले. दिवसाला एक वेळ भाकरी आणि एक वेळ अंबाडीची कण्या घातलेली भाजी, असे धरले तर पुरत होते.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी भावाने अकोल्याला जायला गाडी जुंपली. खालच्या ज्वारीचे एक पोते त्याने गाडीत टाकले. वहिनीने ते पाहिले आणि आपल्या मोजणीतून तेवढे वजा केले. मी बरोबर गेलो. म्हातारा तिथे मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात एका गल्लीत राहत होता आणि गाठी वाहायचे काम करत होता. वखारी थंडावल्यामुळे तेही आता नव्हते. त्याने पोते पाहिले, त्याच्याशी नाक नेले.

"खालची हाय," तो म्हणाला.

"चाल घरी," भाऊ म्हणाला. "चुकलं माहं."

"इथं म्हनता, मालक? इथं मोर्णेच्या म्हशी आयकून राहिल्या फक्त. चोर म्हनलं तवा चार लोक होते."

त्याने पोते ठेवून घेतले, पण गाडीत बसला नाही. परतीच्या वाटेवर भाऊ बैलांशीच बोलला.

त्या पावसाळ्यात आमच्या निम्म्या वावरांत ज्वारी होती. पौषापर्यंत आम्ही पोचलो. शेवटचे पंधरा दिवस वहिनीने भाकरीत अंबाडीचे बी दळून घातले आणि स्वतः किती खाल्ले हे मला सांगता येणार नाही. ती सगळ्यांच्या मागून जेवत असे. लेकरे तिन्ही धड राहिली.

फाल्गुनात पेव पुन्हा भरायचे ठरले तेव्हा भाऊ एकटाच अकोल्याला जाऊन म्हाताऱ्याला घेऊन आला. पेव भाजून झाल्यावर थर लावायच्या दिवशी पांढरीवर ज्यांची पेवे होती ते दहा-बारा जण जमले होते. भाऊ आमच्या शिळेवर उभा राहिला. "कडबा यानं चोरला नव्हता," तो म्हणाला. "माह्याच पेवात होता. मी खोटं बोललो." वहिनीचे नाव त्याने घेतले नाही. ती तिथेच पेंड्या मोजत होती. कोणीतरी खाकरले. म्हाताऱ्याने पागोटे काढून बाजूला ठेवले, पेवाच्या तोंडात पाय सोडले आणि वर पाहिले.

"अमरावतीचे भाऊ," तो मला म्हणाला, "उभे काहून? पेंडी द्या. या वक्ती वरपर्यंत लावू."