वाट पाहणारी सोंगटी

रविवारी सकाळी मी चहा गाळत असताना मोबाइल वाजला, की तो दिलीपभावजींचा मेसेज, हे ठरलेलं. वर मथळा नेहमीचाच : खेळाची बातमी. त्या रविवारी मेसेज आला नाही, केतकीचा फोन आला. "काकू, पापा..." एवढंच म्हणाली आणि मग, "सुबह उठे ही नहीं." केतकी ही भावजींची मुलगी. तिला मराठी सगळं समजतं, पण रडायची वेळ आली की हिंदीच येते. मी गाळणं हातात धरून उभी राहिले. माझे धाकटे दीर, आणि मला न विचारता माझ्या पुढे निघून गेले... राग आला. अजूनही येतो.

सासऱ्यांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे आमचं घर झाशीचं झालं, आणि रेल्वेबाहेरही पगार मिळतो यावर घरात कुणाचा फारसा विश्वास नव्हता. भावजी मात्र झाशीजवळ बिजौलीला एका पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात लागले. तो बंद पडला तेव्हा ग्वाल्हेरच्या नातेवाइकांनी गोदामात कारकुनी देऊ केली. भावजी म्हणाले, मी पटावरचे खेळ करणार. स्वतः रचायचे, स्वतः छापून घ्यायचे, स्वतःच विकायचे, मध्ये कंपनी नाही की दुकानदार नाही. पहिल्या खेळाचं नाव 'आख़िरी बस'. जवळच्या बरुआसागर गावाहून भाजी आणि अद्रक घेऊन निघायचं (आल्याला आम्ही इथे अद्रकच म्हणतो) आणि बाजार करून शेवटच्या बसने परत घर गाठायचं. हा एक खेळ खपला तर ठीक, नाहीतर मुकाट्याने ग्वाल्हेर, असं घरात ठरलं. त्यांनी ते मान्य केलं, पण चेहरा असा की ग्वाल्हेर नावाचं गाव नकाशावरच नाही.

माझा निखिल पुण्याला असतो. त्याने काकाला क्राउडफंडिंग समजावलं : इंटरनेटवर मोहीम उघडायची, आकडा जाहीर करायचा, मुदतीत जमला तर खेळ करायचा, नाहीतर ज्याचे पैसे त्याला परत. भावजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. "अरे, ही तर आपली वर्गणी!" मराठी मंडळाच्या गणपतीची वर्गणी वर्षानुवर्षं तेच गोळा करायचे, त्यामुळे यातलं त्यांना निखिलपेक्षा जास्त कळत होतं. "मोहीम नको," ते म्हणाले, "देवासाठी मागतो ते ठीक, स्वतःसाठी आधी पैसे मागणार नाही. पण तिच्यातली विद्या सगळी घेणार." मी म्हटलं, "खेळाचा पत्ता नाही आणि गिऱ्हाईक शोधताय? बाजारात तुरी..." तर म्हणाले, "वहिनी, मांडवाचे बांबू रस्त्यात येऊन पडले की लोक विचारायला लागतात. मांडव पुरा झाल्यावर फक्त बघून जातात."

आणि मग बांबू पडले. अर्धाकच्चा पट जुन्या चादरीत गुंडाळून ते घरोघर जायचे, मांडायचे, लोकांना खेळवायचे आणि स्वतः गप्प बसायचे. बस लाल की निळी, हे लोकांनी ठरवलं. दर रविवारी काय जमलं, काय फसलं, त्याची बातमी. जो आधी नाव नोंदवेल त्याचं नाव पटावरच्या एखाद्या दुकानाला नाहीतर थांब्याला मिळणार. नावं गणपतीपर्यंतच, नंतर नाही, आणि खेळ दसऱ्याला घरात. पैसे मात्र खोकं हातात पडल्यावर. आमच्या दूधवाल्याचंही नाव एका थांब्याला लागलं. त्यानंतर महिनाभर तो दूध घालताना "हमारा स्टॉप कैसा है?" विचारायचा.

पट छापून आले. खोकी भरायच्या आधी शेवटची फेरी म्हणून भावजी बबीनाच्या लष्करी छावणीत गेले, एका सुभेदारांच्या घरी. सुभेदार सीमेवर होते. त्यांच्या बायकोने दोन डाव खेळून पट बाजूला सरकवला. "भैया, सबको पहुँचने की जल्दी है। जो घर में बैठा बाट देख रहा है, वो कहाँ है इसमें?" भावजी घरी आले ते न जेवता बसून राहिले. घर ही पटावर नुसती शेवटची रेघ होती. घरात कुणी असावं, हे सगळ्या खटाटोपात कुणालाच सुचलं नव्हतं. शेवटी म्हणाले, पट रद्द. सगळ्यांची नावं छापलेला गठ्ठाच्या गठ्ठा! मी म्हटलं, "कराच रद्द, पण बोभाटा करू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची." ते हसले. "झाकल्या मुठीला वर्गणी कोण देतं?" आणि रविवारी लिहून टाकलं : छापलेलं फुकट गेलं, चूक माझी, दसरा हुकणार, ज्यांना नाव काढून घ्यायचंय त्यांनी खुशाल सांगावं.

तो दिवस मी देवापुढे बसून काढला. ग्वाल्हेर दारात येऊन उभं आहे, असंच वाटत होतं. संध्याकाळी दूधवाला आला आणि म्हणाला, "लेट होगी तो होगी, बस तो हमारी है।" एकानेही नाव काढून घेतलं नाही. होळीच्या सुमारास खोकी घरोघर गेली. त्यात एक पिवळी सोंगटी नवी होती. ती कुणाच्याच मालकीची नाही आणि हलतही नाही, पटावरच्या घरात बसून असते. तिच्यापर्यंत पोचेल तो जिंकला. ग्वाल्हेरचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, आणि पुढचे सगळे खेळ याच रीतीने खपले.

ते गेले तेव्हा नवा खेळ, बरुआसागरच्या तळ्याचा, अर्धा झाला होता. लोकांची नावं नोंदलेली, नियम अपुरे. तेराव्यानंतर केतकीने विचारलं, "काकू, बंद कर दें?" मी म्हटलं, "तुझ्या बापाने कधी लोकांना विचारल्याशिवाय बंद केलंय? बातमी लिही." तिने लिहिली, जन्मात पहिल्यांदा मराठीत आणि खाली हिंदीत : पापा गेले. खेळ अर्धा आहे. मी करून बघेन. ज्यांना थांबायचं नसेल त्यांनी सांगा. यावेळीही कुणी नाव काढून घेतलं नाही. बबीनाच्या त्या बाई आता बदलीने कुठल्या कुठे गेल्यात, त्यांचं उत्तर आलं : "हम बैठे हैं, बिटिया। आराम से लाना।" ते वाचून मी पहिल्यांदा पोटभर रडले.

आता रविवारी सकाळी केतकी चादरीत गुंडाळलेला पट घेऊन येते. पटावर चहाचे कप ठेवायचे नाहीत, हा भावजींचा नियम मी त्यांच्या हयातीत कधी पाळला नाही, आता पाळते. या खेळातही पिवळी सोंगटी आहेच. फासा टाकायच्या आधी ती घरात ठेवून व्हायला हवी, आणि ते काम भावजी दुसऱ्या कुणाला करू देत नसत. हल्ली मी ठेवते... आणि फासा केतकीच्या हातात देते.