‘बौद्धावतारे’ म्हणून थांबणारे भावजी

फोन सकाळी आला. तो ठेवून मुलगा माझ्याजवळ येऊन बसला, तेव्हाच कळलं... वामनभावजी गेले. माझे धाकटे दीर. इंदिरानगरातल्या आमच्या खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. त्याच्याकडे बघत म्हटलं, “घ्या, तुमचा माणूस आला.” रडू नंतर आलं. या वयात रडायलाही दम लागतो.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. आमचं घर गोदाघाटावरच्या भिक्षुकांचं. भावजी यजमानांना संकल्प सांगत. त्यात काळ येतो, देश येतो, गोदेचा तीर येतो आणि मध्येच ‘बौद्धावतारे’ येतं, म्हणजे बुद्धाच्या अवतारकाळात. बाकीचे भिक्षुक हे एका दमात उरकत. भावजी त्या शब्दापाशी श्वासभर थांबत. एकदा एका यजमानाने विचारलं, “विसरलात काय गुरुजी?”

“नाही हो. आत्ता ज्यांचं नाव घेतलंत, ते त्या डोंगरावर बसलेत. आपण त्यांना शेंदूर फासून धर्मराज म्हणतो. ब्राह्मण म्हणवणाऱ्या एका राजाच्या आईनं तिथलं लेणं भिक्षूंना दिलंय. तसं भिंतीवर कोरलंय.”

झालं! तेव्हा गावच्या मोठ्या देवळाचं दार गावच्याच अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना बंद होतं. ती दारात सत्याग्रहाला बसली होती, धर्म सोडण्याची भाषाही निघू लागली होती. अशात भिक्षुकाने बुद्धाची आठवण काढावी? जातीतल्या वडीलधाऱ्यांनी निरोप धाडला : थांबणं सोड, नाहीतर पंगतीत पान नाही आणि घाटावर यजमान नाही.

मी तेव्हा सतराची. अक्कल नथीएवढी, आणि नथही जावेची. दिराचं डोकं ठिकाणावर यावं म्हणून डोंगर चढले आणि धर्मराजाला नारळ बोलले, “भावजींच्या डोक्यातला तो बुद्ध तेवढा काढ रे बाबा!” आणि हे घरी येऊन ऐटीत सांगितलंही. भावजींना हसून हसून ठसका लागला. “अहो वहिनी, ज्याला हाकलायचं त्यालाच नारळ?” मग कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला.

वडीलधाऱ्यांनी बोलावलेल्या बैठकीत ते एवढंच म्हणाले, “संकल्पातून शब्द काढा, मी थांबायचं सोडतो.” शब्द काढला तर संकल्प मोडतो! तो कुणी काढला नाही. भावजींचं पानही कुणी मांडलं नाही. यजमान गेले, शिकवण्यांवर दिवस निघाले. नणंदेच्या लग्नात सगळ्या पंगती उठल्यावर ते मागच्या ओसरीवर एकटे जेवायला बसले. मी वाढायला गेले तर म्हणाले, “दमलो हो वहिनी... भांडून नाही. तेच तेच ऐकून.”

लग्न त्यांनी केलंच नाही. सकाळचा स्वतःचा संकल्प मात्र कधी चुकला नाही, आणि त्यातलं थांबणंही. माझी मुलं ते ऐकतच मोठी झाली.

दहाव्याला घाटावर आलेले गुरुजी तरुण, घाईतले. संकल्प सुसाट सुटला. ‘बौद्धावतारे’ झालं, गुरुजी पुढे गेले, आणि माझा पन्नाशी उलटलेला मुलगा तिथेच राहिला.

“म्हणा ना काका. अडलं कुठे?”

“अडलं नाही,” तो म्हणाला. “आमच्याकडे इथे थांबतात.”

गुरुजी गोंधळले... आणि थांबले.

भावजींची पळी आता आमच्या देवघरात असते. माझा नवस काही फळला नाही. त्याबद्दलच एक नारळ द्यायचाय. पण डोंगराला पायऱ्या फार, आणि माझे गुडघे केव्हाच संपलेत. खिडकीतूनच हात जोडते.